पोटात घातलेल्या चुका

व्हर्ली स्प्रागला रागवायला कारण लागत नाही, असं सगळं गाव म्हणतं. म्हणायला गावाचं काय जातं? कारणं पुरवायची गावानंच आणि वर तिच्या नावानं बोटंही मोडायची गावानंच. त्या वर्षी बर्फ वितळल्यावर तिच्या शेडमध्ये जे चाललं होतं, ते पाहून एखादी गरीब गायही शिंगं रोखून आली असती.

तिचा नवरा एल्डन आदल्या हिवाळ्यात गेला. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या तळ्यावर त्यानं गाइड म्हणून जन्म काढला. उन्हाळाभर शहरातल्या पाहुण्यांना मासे कुठे लागतात ते दाखवायचं आणि हिवाळ्यात होड्या बांधायच्या. देवदाराच्या बरगड्या, त्यावर देवदाराच्याच पातळ फळ्या आणि वरून ताणून बसवलेला कॅनव्हास. लोकांच्या होड्या वेळेवर जायच्या. घरची हिरवी होडी मात्र शेडच्या कोपऱ्यात पडून राहिली. तिचा कॅनव्हास फाटला होता आणि बरगड्या कुजायला लागल्या होत्या.

तर एके सकाळी एल्डनचे दोन मित्र दारात उभे. एक हॉलिस, गावातल्या गाइड मंडळाचा अध्यक्ष. अंगानं दाराएवढा, आवाज पलीकडच्या काठावर जाईल असा. दुसरा डेल्बर्ट, हडकुळा, एका कानानं बहिरा आणि काम सांगितलं की दोन्ही कानांनी.

"एल्डनची होडी आम्ही नीट करणार," हॉलिस म्हणाला. "तू काही काळजी करू नकोस. तू फक्त कॉफीचं बघ."

एल्डनची होडी म्हटल्याबरोबर व्हर्लीच्या डोक्यात ठिणगी पडली. पण तिनं ती गिळली, कारण होडी नीट व्हायला तिलाही हवीच होती. या होडीत मागे बसतो तो दिशा ठरवतो आणि पुढे बसतो तो मुकाट वल्हवतो. लग्न झाल्यापासून व्हर्ली पुढे बसत आली. एकदा तिनं म्हणून पाहिलं होतं, "आज मी बसते मागे." एल्डन हसून म्हणाला, "आणि पुढे कोण, कुत्रा?" तेव्हा तीही हसली होती. आपण का हसलो, याचा राग तिला अजून येत होता. या उन्हाळ्यात होडी पाण्यात घालायची आणि आपण मागे बसायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

काम सुरू झालं. जुना कॅनव्हास उतरला. शनिवारी व्हर्ली भांडंभर बीन्स शिजवायची आणि दोघे भांडं खरवडून जेवायचे. एल्डनच्या आठवणी निघायच्या. एक-दोनदा तीही खळखळून हसली. मग एका दुपारी ती कॉफी घेऊन आत गेली, तर हॉलिस कुजक्या बरगडीत लुकण भरत होता.

"हे काय?"

"थोडं बुजवतोय. वरून रंग मारला की कळणारसुद्धा नाही."

"पाण्यात कळेल ना!"

"अगं, पाणी कुठलं?" डेल्बर्ट म्हणाला. "मंडळाच्या सभागृहात छताला टांगायची, तर आतलं कोण बघतंय?"

हॉलिसनं त्याच्याकडे असं पाहिलं की डेल्बर्टनं चांगला कान पलीकडे वळवला. पण फुटायचं ते फुटलं होतं. मंडळाचं सगळं आधीच ठरलं होतं. होडी छताला टांगायची आणि खाली पितळी पाटी लावायची: 'एल्डन स्प्राग यांनी बांधलेली होडी.'

व्हर्लीनं कपांचा ट्रे खाली आपटला. "मढ्याला पावडर फासताय होय रे? विचारलंत कुणाला?"

"एल्डनचा मान आहे गं तो."

"मान एल्डनचा, होडी कुणाची?"

"तू काय करणार तिचं? एल्डन नाही आता."

"मी आहे ना! का मलाही टांगताय शेजारी?" ती हॉलिसच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "आणि पाटीवर माझं नाव कुठंय?"

हॉलिस खरोखरच गोंधळला. "अगं, तू मदत करायचीस ते माहितीये की सगळ्यांना."

मदत! कॉफी आणून देतात ती मदत. होडी अशी बांधतात: बाहेरून हातोड्यानं पितळी चूक, म्हणजे बारीक खिळा, मारायची. फळी आणि बरगडी दोन्ही भेदून तिचं टोक आत येतं. तिथे बरोबर त्या जागी कुणीतरी लोखंडाचा ठोकळा दाबून धरावा लागतो, म्हणजे टोक त्यावर आपटून मागे वळतं आणि लाकडाच्या पोटात शिरतं. ठोकळा बोटभर इकडेतिकडे झाला, तर टोक उभं राहतं आणि पुढे बसणाऱ्यांचे गुडघे फाडतं. एका होडीला अशा हजारो चुका. चुका करणारा एल्डन आणि पालथ्या होडीखाली वाकून त्या पोटात घालणारी व्हर्ली. बाहेरच्या हातोड्याचा आवाज गावानं ऐकला. आत कोण आहे, ते कुणी वाकून पाहिलं नाही. आणि वर कॅनव्हास चढला की एल्डनचं काम झाकून जायचं. आतून हात फिरवाल, तर हाताला लागतं ते तिचं काम.

"ते लुकण काढा," ती म्हणाली. "कुजक्या बरगड्या काढून नव्या घाला. नाहीतर चालते व्हा."

नव्या बरगड्या वाफवून वाकवल्या. होडी लाकडी घोड्यांवर पालथी घातली. मग व्हर्लीनं ठोकळा उचलला आणि हॉलिसच्या हातात कोंबला.

"जा आत. कर मदत."

हॉलिस कण्हत-कुंथत खाली शिरला. व्हर्लीनं हातोडा घेतला. पहिली चूक, दुसरी, तिसरी. आतून शिव्या ऐकू यायला लागल्या.

"अगं, कुठे मारतेस ते सांग तरी आधी!"

"एल्डननं मला कधी सांगितलं होतं?"

"मग तुला कसं कळायचं?"

"चुकलं की रक्त यायचं. त्यावरून कळायचं."

तिनं पुढची चूक मारली. हॉलिस बोंबलला. बाहेर आला तेव्हा अंगठा तोंडात होता. डेल्बर्ट आत डोकावला. व्हर्लीच्या जुन्या बरगडीवर त्यानं तळवा फिरवला, मग हॉलिसच्या नव्या बरगडीवर फिरवला आणि झटकन हात मागे घेतला. "बाप रे, साळिंदर पाळलंय की काय!"

हॉलिसनं अंगठा पँटला पुसला. मग म्हणाला, "व्हर्ली, पाटी करून झालीय गं."

"मग पाटीच टांग."

ठोकळा पुन्हा तिनंच धरला. हॉलिस बाहेरून मारू लागला. पण आता प्रत्येक चुकीआधी तो फळीवर बोटानं टकटक करत होता. याला अक्कल यायला एक अंगठा पुरला, याचाही तिला रागच आला. इतकं सोपं होतं तर!

कॅनव्हास चढला, त्यावरचा लेप वाळला, हिरवा रंग लागला. जुलैत होडी धक्क्याशी आली. हॉलिस सवयीनं मागच्या जागेकडे वळला. व्हर्ली तिथे बसलेली होती. तो पुढे जाऊन बसला.

आणि होडी गोल फिरली. व्हर्लीनं वल्हं मारलं की नाक डावीकडे, सावरायला गेली की उजवीकडे. धाडकन धक्क्यावर आदळली. नवा रंग खरवडला.

"हॉलिस, तुझ्या वजनानं नाक बुडतंय!" डेल्बर्ट धक्क्यावरून ओरडला.

"मागे येऊ का मी?" हॉलिसनं विचारलं. चेष्टेनं नव्हे, काळजीनंच विचारलं.

व्हर्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं. सगळा जन्म या तळ्यावर गेला आणि तिला साधी होडी वळवता येत नव्हती. ज्याला येत होती, तो रोज तिच्या पाठीमागे बसून होता. मागे वळून त्याला चार शब्द ऐकवावेत, तर आता मागे कुणी नव्हतं. एल्डनच्या सगळ्या चुका तिनं पोटात घातल्या होत्या. ही एक बाहेर राहिली होती, आणि ती पोटात घालायला ती तयार नव्हती.

तिनं वल्ह्यानं धक्क्याला रेटा दिला. नाक हळूहळू मोकळ्या पाण्याकडे वळलं, थोडं जास्तच वळलं.

"मी काय करू मग?" हॉलिस म्हणाला.

"पुढे बघ," व्हर्ली म्हणाली. "आणि मदत कर."