सत्तर ग्रेन

आत्या संग्रहालयातल्या बंदुकांच्या दालनात पाट्या लिहायची. बंदुकीला तिने जन्मात हात लावला नव्हता, पण काडतुसांच्या कुळकथा तिला तोंडपाठ होत्या. जुनी काडतुसं पितळी, बुडाशी कड बाहेर आलेली. त्या कडेमुळे ती नळीच्या मागच्या टोकाशी अडून बसतात, आणि कडेला पकडूनच बाहेर ओढता येतात. नावांचा मात्र काही मेळ नाही. कुणाला बनवणाऱ्याचं नाव, कुणाला सालाचं, कुणाला नुसते आकडे. "नावं ठेवणाऱ्यांचं आपसात बोलणं नसणार, दुसरं काय," ती म्हणायची.

पंचेचाळीस-सत्तर हे तिचं लाडकं. बावीस वर्षांपूर्वी तिने सुबक अक्षरात त्याची पाटी लिहिली होती : पहिला आकडा गोळीची जाडी, इंचाचे पंचेचाळीस शतांश, दुसरा दारूचं वजन, सत्तर ग्रेन. ग्रेन म्हणजे गुंजेहूनही हलकं माप.

एका शनिवारी दुपारी एक किडकिडीत गृहस्थ ती पाटी वहीत उतरवून घेत होते.

"बाई, सत्तर म्हणजे सत्तरच ना? आजोबांची बंदूक आहे. काडतुसं घरीच भरतोय, उद्या नेमबाजीच्या मैदानावर उडवायची."

"पाटीवर आहे तसंच," आत्या जेवणाच्या डब्यातून मान वर न करता म्हणाली.

तासाभराने ती काच पुसत होती. फडकं पाटीपाशी थांबलं. सत्तर ग्रेन, पण काळ्या दारूचे. नाव पडलं तेव्हा काळीच दारू होती. पुढे धूर न सोडणारी, कितीतरी जहाल दारू आली. नाव जुनंच राहिलं. तेवढ्याच वजनाची नवी दारू भरली, तर बंदूक तोंडावर फुटते. हे सगळं तिला ठाऊक होतं. ओळ कार्डात मावेना म्हणून तिनेच 'काळी' हा शब्द गाळला होता.

अभिप्रायाच्या वहीत त्या गृहस्थांनी लिहिलं होतं : 'उत्तम. घड्याळदुरुस्ती, पुलापलीकडे.'

तिने बाबांना फोन केला. "दादा, स्कूटर घेऊन ये."

"आत्ता? झालंय काय?"

"ये म्हणते ना!"

पूल संपेपर्यंत ती बाबांच्या पाठीवर बोटं आपटत होती. "अगं, मी घोडा नाही," बाबा म्हणाले. ती हसली नाही. घड्याळाच्या पहिल्या दुकानात दुसरेच कुणी म्हातारे निघाले. दुसऱ्याला कुलूप होतं, पण वरच्या खिडकीतून एक बाई डोकावल्या. "घड्याळ द्यायचंय? आज हे बंदुकीत गुंतलेत!"

आत्या दोन-दोन पायऱ्या चढली.

टेबलावर काडतुसं कडेवर उभी होती, ओळीत, घड्याळं मांडावीत तशी नीट. गृहस्थांच्या डोळ्याला भिंग होतं.

"दारू कुठली भरलीत?" आत्याला धाप लागली होती.

"नवीनच. काळी हल्ली मिळते कुठे?"

"ओतून टाका. सगळी. बंदूक फुटेल."

"बाई, तुमच्याच पाटीवर सत्तर आहे."

"पाटी चुकली."

"कधीपासून?"

"बावीस वर्षं."

त्यांनी भिंग काढलं. बायको दारातून म्हणाली, "सकाळपासून सांगतेय, आहेत ते दोन डोळे सांभाळा म्हणून. पण बायकोला काय कळतंय!"

आत्या काडतुसं मोजत होती. अकरा. खोक्यावर बाराचा आकडा होता. "एक कुठंय?"

ते कोपऱ्याकडे बघू लागले. बंदूक भिंतीला टेकून उभी होती. "बसतंय का ते पाहिलं फक्त."

त्यांनी बंदूक दोन्ही हातांनी उचलली, तोंड खिडकीबाहेरच्या मोकळ्या रानाकडे केलं आणि नळीमागचं झाकण उघडलं. आतल्या हुकाने कड धरली. काडतूस अर्ध्यावर अडलं, मग सरकत बाहेर आलं आणि त्यांच्या तळहातावर पडलं. आत्या तिथेच खुर्चीत बसली. बायकोने पाणी आणलं. ते गृहस्थांनीच पिऊन टाकलं.

सोमवारी तिने नवी पाटी लिहिली. 'काळ्या' हा शब्द बसवायला अक्षरं इतकी बारीक झाली की संग्रहालयाचे साहेब म्हणाले, जुनीच बरी दिसत होती. आत्या कपाटातून अभिप्रायाच्या जुन्या वह्या काढत होती. बावीस वर्षांच्या. ज्यांनी पत्ता दिलाय, त्या प्रत्येकाला ती पोस्टकार्ड लिहिते : आमच्या पाटीत चूक होती, आपण ती उतरवून घेतली होती का?

काही कार्डं परत येतात, पत्ता सापडला नाही म्हणून. ती वेगळी ठेवते. पोस्टमन दिसला की अजून जेवता-जेवता उठते.