वाऱ्याला पाठ देणारे आबा

वाऱ्याला घाबरणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या दारातच सापडेल, अशी माझी खात्री होती. साताऱ्याकडच्या एका उंच पठारावर जन्म काढलेले हे आबा म्हातारपणी धाकट्या मुलाकडे राहायला आले, ते एक वळकटी आणि पिशवीभर दगड घेऊन. साधे, मुठीत मावणारे दगड. वर्तमानपत्रावर दगड, टॉवेलवर दगड, ताटातल्या भाकरीवरसुद्धा एक धुतलेला छोटा दगड. "उडून गेली म्हंजी?" असं ते बंद खिडकीकडे बघत विचारायचे. गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी दगडांची रांग मांडली तेव्हा सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "आबा, खाली गाड्या लागतात. कुणाच्या डोक्यात पडला तर फुकटचं टेन्शन!" आबा शांतपणे म्हणाले, "दगड न्हाय पडत, सायेब. दगड काढला तर कठडा जाईल."

कुणाच्याही घरी गेले की ते आधी छताकडे बघत आणि पंखा बंद करायला लावून मगच बसत. भर मे महिन्यात त्यांच्यापायी आमच्याकडे पाहुणे घामाने निथळत चहा प्यायचे. बोलणं असं खणखणीत, की लिफ्टमध्ये त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट वॉचमनला कळायची. पठारावर वाऱ्यात ओरडूनच बोलावं लागतं, त्याला ते तरी काय करणार! रस्त्याने चालताना मात्र वारा कुठून येतोय ते बघून ते त्याला पाठ देत. कधीकधी उलटे चालत वाण्याकडे पोचत. या सगळ्याला आम्ही मनमुराद हसायचो. एका सवयीला मात्र हसू यायचं नाही. बोलता बोलता आबा मध्येच थांबत, मान कलती करत, दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं पुरं होऊ द्यावं तसे वाट पाहत, आणि मग अडलेल्या शब्दापासूनच पुढे सुरू करत. एकदा मी विचारलं, काय झालं? "काय न्हाय. कोन बोलत आसलं तर मधी बोलू नये." खोलीत आम्ही दोघेच होतो.

त्यांच्या मुलाकडून मला थोडंफार कळलं. पठारावर बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीने पवनचक्क्या उभ्या केल्या, त्यातली एक आबांच्या घराच्या अगदी पाठीशी. त्याच्याही आधी आबा आणि त्यांची बायको आक्का यांचा थोरला मुलगा लहानपणीच तापाने गेला होता. चक्की फिरायला लागली आणि आक्काला त्या आवाजात पोराची हाक ऐकू येऊ लागली. "आये... आये..." पातं खाली आलं की एकदा. आबा तिला वेड्यात काढायचे. शेवटी एक दिवस तेच वळकटी बांधून खाली उतरले. आक्का मात्र घर सोडायला तयार नव्हती.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कळंबोलीला गेलो असताना ट्रकांच्या तळावर एका लांबलचक ट्रेलरवर पवनचक्कीचं पांढरं पातं आडवं पडलेलं दिसलं. पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढत होती. आबा जवळ गेले, तळहात टेकवला, मग कान लावला आणि चटका बसल्यासारखे मागे सरले. ड्रायव्हर हसला. "घाबरू नका आबा, ह्ये सातारला चाललंय. वरच्या जुन्या काढून मोठ्या बसवत्यात."

थोड्याच दिवसांत कंपनीच्या माणसाचा फोन आला. नवी चक्की मोठी, घर तिच्या फार जवळ. कंपनी पठाराखालच्या गावात नवं घर बांधून देईल, पण आक्का हो म्हणत नाही. मुलाला रजा मिळेना, म्हणून आबांना मीच गाडीने घेऊन गेलो.

वर पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं. जुनी चक्की त्याच सकाळी बंद केली होती. तिन्ही पाती जागच्या जागी बांधल्यासारखी उभी. आक्का दाराशी बसली होती. आबांकडे न बघताच म्हणाली, "उशीर केलासा. सकाळीच गप झालं ते."

कंपनीचा तरुण इंजिनियर बिचारा सभ्य होता. उकिडवा बसून समजावू लागला, "आक्का, तो फक्त पात्याने वारा कापल्याचा आवाज असतो. आता बंद केली ना, आता काही म्हणता काही..."

तेवढ्यात तो आला. बारीक, लांब, शेवटाला चढणारा आवाज. गवताची काडीसुद्धा हलत नव्हती. इंजिनियरने मान वर करून चक्कीकडे पाहिलं. पाती तशीच होती.

"ह्येंना न्हाय ऐकू येत," आक्का आबांकडे हात करून मला म्हणाली.

"येतं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. "येत नव्हतं तवर हितंच ऱ्हायलो की. यायला लागलं, मग न्हाय सोसलं मला."

आक्का पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली. मग सरकून तिने उंबऱ्यावर त्यांना जागा करून दिली. इंजिनियरला तिने एवढंच सांगितलं, की घर हलवीन, पण खाली उतरणार नाही. पठारावरच, ऐकू येईल एवढ्या अंतरावर. त्याने वाद घातला नाही. वरिष्ठांना पटवायचं त्याने कबूल केलं, आणि पुढे ते खरंही केलं. मी गाडी वळवली तेव्हा आबा उंबऱ्यावरूनच म्हणाले, "तुमी व्हा फुडं."

ते परत आलेच नाहीत. नवी चक्की सुरू झाल्यावर मी धीर करून फोन लावला. आवाजाचं विचारायला जीभ रेटेना, तर त्यांनीच सांगितलं. नवीचा आवाज अगदी वेगळा, जाड, घोगरा. पहिल्या दिवशी दोघंही अंगणात कान देऊन बसली, आणि ओळखीचं काहीच येईना.

"मग आक्का?" मी विचारलं.

"रडंल आसं वाटलं मला. तर हसली. म्हनली, आवो, आवाज फुटला की पोराचा. मोठं झालं आता."