मशीनची सोडून दिलेली पाने

मामाने हैदराबादहून हाताने फिरवायचे शिलाई मशीन आणले, तेव्हा मी सुट्टीत कुंभार पिंपळगावला मावशीकडे होते. त्याने मावशीला बजावले होते, बाजाराच्या दिवसापर्यंत चालवलेस तर तुझे, नाहीतर जुन्या जालन्याहून बाजाराला येणाऱ्या शिंप्याला देतो. मावशीला ते हवे होते; जवळ जायला मात्र ती बिचकत होती.

मशीनसोबत इंग्रजी पुस्तिका होती आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मला बोलण्यापेक्षा लिहून देणे सोपे. सुरुवातीची चित्रांची पाने मी सोडली; त्यांत नुसती कंपनीची बढाई दिसली. आकडे सुरू होत होते तिथून मराठीत उतरवले. एक, दोरा वर अडकवा. दोन, खालचे रीळ भरा. अशी चौदा कलमे. मी वाचायची, मावशी करायची. एकही चूक नाही. तिसऱ्या दिवशी तिने दांडा सोडला.

“बराबर फिरवून राह्यले ना मी? हे तर जात्यावानी झालं बाई, अन् पीठ बिलकुल न्हाई. ह्याच्यानं होतं तरी काय?”

चौदा कलमांत उत्तर नव्हते. मी सोडलेली पाने उघडली. एका वाकड्या सळईचे चित्र होते. ती लावली की टाक्यांच्या ओळी सारख्या अंतरावर पडतात, एवढेच मी वाचले.

मावशी पुढे सरकली. “म्हंजी दुपटं?”

“तसं लिहिलं नाही.”

“लिवणाऱ्याच्या घरी लेकरू नसंल.”

जुन्या लुगड्याच्या तीन घड्या तिने सुईखाली सारल्या. सुई मोडली. मला वाटले, संपले. ती म्हणाली, “जाड कापडाला काय सांगितलंय? जल्दी वाच.”

नववे कलम तिने तीनदा वाचायला लावले. जाड सुई, लांब टाका. तशी सुई मशीनच्या डब्यात होती. मध्येच अडवून ‘का’ विचारी. काही उत्तरे पुस्तिकेत नव्हती, म्हणून आम्ही मशीन आडवे करून पोटातले दाते पाहत बसलो.

बाजाराच्या दिवशी मामा बैलगाडी घेऊन आला. “आक्का, शिंप्याला सांगून ठिवलंय.”

“बस जरा. आत्ता हात काढला तर ओळ वाकडी जाईल.”

मामा बसला. एक ओळ झाली, दुसरी सुरू झाली. त्याने दोनदा पाणी मागितले. दोन्ही वेळा मीच उठले. शेवटी तो उठला आणि रिकामी गाडी घेऊन बाजाराला गेला.