सगळ्या ‘बसा, बसा’ म्हणायच्या

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळच्या आमच्या रुग्णालयात, त्वचाविभागाबाहेर, एका रुग्णाकडून प्रश्नावली भरून घेत होते. ‘त्वचेमुळे पोहायला जाणं टाळलंत का?’ इथवर आले होते. पुढचं वाचवेना... जिन्यात जाऊन बसले. मावशीला घरातच हृदयविकाराचा झटका आला होता. दीड महिना झाला. रडू ओसरलं, राग ओसरत नाही.

राजापूरजवळच्या खेड्यातून मी मुंबईला शिकायला आले. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आईच्या या मावसबहिणीने करी रोडच्या चाळीतल्या आपल्या एका खोलीत मला दोन वर्षं ठेवून घेतलं, परीक्षेच्या दिवसांत भांड्याला हात लावू दिला नाही. तिच्या उकडीच्या मोदकांना चाळीत नाव होतं. गणपतीत बायकांच्या मधोमध ती बसायची आणि माझे फुटके मोदक बघून म्हणायची, “पीठ घाबरता गो तुका.”

मग तिच्या हातांवर सोरायसिस आला. खवले, भेगा. हा रोग लागत नाही, हे मी दारोदार सांगून आले. रुग्णालयात नोकरी लागल्यावर तिला आमच्याच विभागात दाखवलं. आजाराचा रोजच्या जगण्यात किती त्रास होतो ते मोजणारी ही प्रश्नावली परदेशात तयार झालेली, आपल्याकडे तिचं नुसतं मराठी केलेलं. त्रासाचे गुण जास्त भरले तर नव्या इंजेक्शनांसाठी नाव पुढे जायचं. मावशीचा फॉर्म मीच भरला. पोहणं? लागू नाही, म्हणजे शून्य. हॉटेलात जेवणं? शून्य. कोणी अपमान केला का? मावशी हसली. “कोण काय बोलणा नाय गो. सगळी ‘बसा, बसा’ म्हणतत.” मी आणखी एक शून्य लिहिलं, आणि बाजूला, ‘शेजाऱ्यांचा आधार चांगला’. डॉक्टर मॅडमनी बेरीज बघितली, त्रास किरकोळ ठरवला, मलम चालू ठेवलं.

पुढच्याच महिन्यात गणपती आले. मी भायखळ्याहून, जिथे आता राहते तिथून, मुद्दाम गेले. मावशीच्याच खोलीत परातीभोवती बायका बसल्या होत्या. मावशी हात धुऊन आली. शेजारच्या वहिनींनी उठून दाराशी प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि गोड आवाजात म्हणाल्या, “मावशी, तुम्ही बसा. खूप केलंत आजवर.” आदल्या वर्षी तिला निदान वेलच्या सोलायला दिल्या होत्या, त्याच्या आदल्या वर्षी नारळ खवायला. मावशी बसली. हात पदराखाली घेतले. मी कोकणातल्या घरात वाढलेली, आणि कामावरून बाईला असं उठवणं म्हणजे काय, हे मला फॉर्म भरताना कळू नये?

सुट्टी संपताच मॅडमकडे गेले. म्हटलं, जिने जन्मात पोहण्याचा विचार केला नाही तिचं पोहणं आपण मोजतो, आणि मोदक सोडून देतो? अपमान फक्त शिव्या देऊनच होतो, हे ठरवलं कोणी? मॅडम शांतपणे म्हणाल्या, “प्रश्न बदलता येत नाहीत. सगळ्या देशांत हेच विचारतात. सहा महिन्यांनी पुन्हा भरू. तोवर हवं तर समासात लिही.” मी लिहिलं. समास संगणकात जात नाही. आणि मावशी सहा महिने थांबली नाही.

बाराव्याला चाळीतल्या सगळ्या बायका आल्या, मनापासून रडल्या. असे मोदक आता कोण करणार, म्हणाल्या. वहिनींनी माझ्यासाठी दाराजवळची तीच खुर्ची पुढे ओढली. “बस गं, दमली असशील.”

मी आत जाऊन जमिनीवर बसले, गणपतीत परात ठेवतात तिथे. खुर्ची दाराशी रिकामीच राहिली.