समक्ष सांगणे

खराडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर बसवायला गेलो होतो, तेव्हा ते भेटले. नाव विचारायचं राहूनच गेलं. रजेचे अर्ज चार टेबलांवर फिरवून सह्या आणायच्या आणि शेवटी अर्जदाराला जाऊन "मंजूर!" म्हणायचं, हे त्यांचं कितीतरी वर्षांचं काम. माझ्या एका बटणानं ते संपणार होतं.

पहिला अर्ज वरच्या मजल्यावरच्या एका मुलीचा होता, स्वतःच्या लग्नाच्या रजेचा.

"दाबा काका!" मी जादूगाराच्या थाटात म्हणालो. "चारही साहेबांकडे आपोआप जाईल."

"म्हणजे माझे पाय आता शोभेचे," म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि देवाला गंध लावावं तसं अनामिकेनं माउसचं बटण दाबलं. मग दाराकडे बघत राहिले. मीही पाहिलं, आणि शपथेवर सांगतो, तो अर्ज पांढऱ्या पाखरासारखा तरंगत जिन्याकडे जाताना मलाही दिसला.

पाच मिनिटांत चारही मंजुऱ्या आल्या.

"छान पळतो हो," ते म्हणाले. "पण मंजूर म्हटल्यावर तिचा चेहरा कोण बघणार?"

जेवणाच्या सुट्टीत मी गुपचूप एक पायरी वाढवली. चौथी मंजुरी आली की काकांच्या पडद्यावर निरोप उमटायचा: अर्जदाराला समक्ष जाऊन सांगणे. त्याशिवाय अर्ज पूर्ण व्हायचाच नाही, सकाळचा त्या मुलीचासुद्धा.

"ही पायरी कशाला?" मॅनेजरनं विचारलं.

"तांत्रिक गरज आहे," मी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणालो.

टेबलाखालच्या चपला पायात सरकवून काका तोवर जिन्यापर्यंत पोचलेही होते.