सायकलीपुरती सावली

जयपूरमध्ये मी दोन गोष्टींसाठी ओळखला जायचो. खरेदीत समोरच्याला सोडत नसे आणि कामाला सायकलवरून येत असे. पहिल्या गोष्टीचा पगार मिळायचा. दुसरीबद्दल लोक सहानुभूती दाखवायचे आणि तिची मला भयंकर चीड होती.

सायकल काही परिस्थितीमुळे नव्हती. प्रताप नगरहून शहरात जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मिनीबसच्या कंडक्टरशी माझं भांडण झालं होतं. शेवटी अशी वेळ आली, की थांब्यावर मी दिसलो की बस वेग वाढवायची. मग मी सायकल घेतली. सांगानेर, दुर्गापुरा, रामबाग असा टोंक रोडने तासभर पायडल मारून अजमेरी गेटजवळच्या ऑफिसात पोचायचो. वाटेत कुणाचं तोंड बघावं लागायचं नाही. त्यामुळे माझा रक्तदाब तरी बरा राहिला.

आमची कंपनी रजया परदेशी पाठवायची. अकोल्याहून वळकटी घेऊन आलेला मी गोदामात गठ्ठे मोजता मोजता खरेदी विभागाचा प्रमुख झालो होतो. कापूस, कापड, खोकी, सुतळी, सगळं माझ्या हातून यायचं. आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या सायकलीला ऑफिसच्या आवारात सावली नव्हती! पत्र्याच्या शेडमध्ये साहेबांची गाडी, बाकीच्यांच्या स्कूटरी. माझी सायकल भिंतीला टेकून उन्हात. मे महिन्यात संध्याकाळी त्या सीटवर बसणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. मी दोनदा रुमाल घालून पाहिला. रुमाल तापायला वेळ लागत नाही.

शेडचा कारभार प्रशासनाच्या अधिकाऱ्याकडे होता. जयपूरचाच माणूस, पांढऱ्या मिश्या आणि अतिशय गोड जीभ. मी आत शिरलो की उठून उभा राहायचा.

"पधारिए साहब, बिराजिए. ठंडा लेंगे या गरम?"

"सायकलीला शेडमध्ये जागा हवी."

"हो जाएगा, साहब."

आमच्याकडे 'होईल' म्हटलं की ते होतं, नाहीतर माणूस तोंडावर 'नाही' म्हणतो आणि भांडण सुरू करता येतं. मी खूश होऊन परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. पुन्हा "हो जाएगा." तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या शहरात नकार असाच देतात, वर सरबत पाजून.

मग मी माझं हमखास हत्यार काढलं. दुकानात भाव जमेना, की मी "राहू द्या" म्हणून उठतो. पायरी उतरायच्या आत मागून हाक येते. त्या दिवशी मी खुर्ची मागे सारली, "रहने दीजिए, नहीं चाहिए," म्हणालो आणि ताडताड निघालो. मागून हाक आली नाही. वळून पाहतो तर हा गृहस्थ हात जोडून मला दारापर्यंत पोचवायला आलेला! "फिर पधारना, साहब."

घरी बायको म्हणाली, "अहो, एवढं आहे तर स्कूटर घ्या ना."

"स्कूटर घेतली तर तो जिंकला."

"त्याला माहीत तरी आहे का, की तुमची मॅच चालू आहे?"

मी दुसऱ्या दिवशी सायकल खांद्यावर घेतली, जिना चढलो आणि माझ्या टेबलाला टेकवून उभी केली. घंटीही वाजवली. सगळ्यांच्या माना वळल्या. मला वाटलं, आता बसला घाव वर्मी.

दुपारी चांदपोलचा खोकीवाला भाव ठरवायला आला. गेली दोन वर्षं मी या माणसाला पिळत होतो. तो खोक्यांबद्दल बोलेचना. सायकलीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबला, चेन ओढून पाहिली.

"कितने में दे रहे हो, साहब?"

"बेचनी नहीं है."

"फिर यहाँ क्यों सजाई है?" म्हणत त्याने एक आकडा सांगितला. आकडा इतका अपमानास्पद होता, की माझं रक्त उसळलं. खरं तर हाकलून द्यायला हवं होतं. पण सवय फार वाईट. मी दुप्पट आकडा सांगितला.

"इसमें तो जंग लगी है."

"जंग? तुम्हारे खोके से मज़बूत है!"

"मडगार्ड हिलता है."

"तुम्हारी ज़ुबान भी हिलती है, उसका क्या भाव लगाऊँ?"

आवाज चढला. टायपिंग थांबलं. लोक आपापल्या टेबलांवरून बोलीत भाग घेऊ लागले. एक जण तर खोकीवाल्याच्या बाजूने बोलला. त्याचं नाव मी मनात टिपून ठेवलं. तेवढ्यात मिश्या दारात आल्या.

"साहब, बेच रहे हैं? अच्छा है. अब तो शेड की भी ज़रूरत नहीं रहेगी."

"बिकाऊ नहीं है!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांनी सायकल पाहिली, खोकीवाल्याला पाहिलं आणि मिश्यांकडे वळून म्हणाले, "इनको शेड में जगह दो. कल से. और यह मंडी बंद करो."

जिंकलो. खोकीवाल्याला मी त्या आनंदात चहासुद्धा पाजला, भाव मात्र वाढवून दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशासनाचा अधिकारी मला स्वतः शेडमध्ये घेऊन गेला. एखाद्या लग्नात व्याह्याला खोल्या दाखवाव्यात तशा अदबीने त्याने दोन जागा दाखवल्या. एक अगदी आत, मागच्या भिंतीशी. दुसरी पुढे, तोंडाशी, सहज काढता येण्यासारखी.

"साहब, अंदर वाली लीजिए. आराम रहेगा."

मी थबकलो. आयुष्यभर खरेदी केलेल्या माणसाला एक नियम पाठ असतो: दुकानदार जो माल आग्रहाने पुढे करतो, तो घ्यायचा नाही. मी आतली जागा नीट तपासली. वर पाहिलं, कबुतरं नव्हती. खाली पाहिलं, तेल सांडलेलं नव्हतं. खोट सापडेना, म्हणजे ती नक्कीच मोठी असणार.

"आगे वाली," मी म्हणालो.

"एक बार सोच लीजिए, साहब."

"आगे वाली!"

"जैसा हुकम." त्याने स्वतः खडूने चौकोन आखला. मी सायकल लावली. गारेगार सावली होती.

दुपारी जेवण झाल्यावर, मुद्दाम, लोकांना दिसेल असा मी खाली उतरलो. शेडचं तोंड पश्चिमेला होतं. ऊन पत्र्याखालून आत घुसलं होतं आणि बरोबर खडूच्या चौकोनात येऊन बसलं होतं. आतल्या स्कूटरी सावलीत झोपल्यासारख्या उभ्या. मघाची आतली जागाही भरली होती. तिथे मिश्यांचीच स्कूटर होती.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. तो उठून उभा राहिला.

"सूरज पर अपना बस नहीं, साहब. मैंने तो अर्ज़ किया था."

केला होता, मान्य आहे. पण अशा आवाजात केला होता, की कुठलाही अनुभवी माणूस उलटंच करील. हे त्याला ठाऊक होतं, असं मी आजही शपथेवर सांगेन. बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, तो बिचारा खरंच भला माणूस होता. मग भल्या माणसाची स्कूटर आतल्या जागेत बरी आली?

जागा बदलून मागणं शक्य नव्हतं. त्याच्यासमोर मीच हट्टाने निवडली होती. संध्याकाळी सीटला हात लावून पाहिला आणि लगेच काढला. मग निघालो. रामबाग गेलं, दुर्गापुरा गेलं, मी पायडलवर उभाच. सांगानेरच्या छपाई कारखान्यातून घरी निघालेला एक सायकलवाला माझ्याशेजारी आला. मला शर्यत लावायची आहे असं त्याला वाटलं असावं, कारण तोही उभा राहिला. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. प्रताप नगरच्या वळणावर मी त्याला चाकभर मागे टाकलं.

"क्या दम है, साहब!" तो मागून ओरडला.

सीट एव्हाना निवलीही असेल. पण तो बघत होता, म्हणून मी घरापर्यंत बसलो नाही.