सुरयांची मावशी

मावशी रेतीवर उतरली की आधी हात आडवा करून सगळ्यांना थांबवायची. "पाय पाहून ठेवा जी. अंडे रेतीच्याच रंगाचे रायते." मग लुगडं खोचून ती पुढे, आणि मागे आम्ही सहलीतल्या पोरांसारखे एका ओळीत.

लाखांदूरच्या बसस्टँडवर कधी उतरला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. समोरच तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. उन्हाळ्यात मात्र दुपारनंतर दुकानाला कुलूप. "बाई, लग्नाचा ब्लाऊज हाये!" असं कुणी ओरडलं, तर म्हणायची, "तुह्या पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात हाये. माह्या पोरीइचं बाळंतपण आत्ता चालू हाये."

या पोरी म्हणजे सुरय. काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे, नदीवर भिरभिरणारे पक्षी. वैनगंगेतल्या रेतीच्या बेटावर साधा खळगा करून ते अंडी घालतात. गुरं-कुत्री येऊ नयेत म्हणून आम्ही पाच-सहा जण बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचो. मी शाळामास्तर, सुट्टीत हौस म्हणून गेलो आणि अडकलो.

एकदा रेती न्यायला ट्रॅक्टर उथळ पाण्यातून थेट बेटावर आला. मावशी चाकापुढे बसली.

"मावशी, बाजूले व्हा."

"काहून? तू उतर. चप्पल काढ. त्या अंड्याले हात लावून पाह्य."

ड्रायव्हर चिडत उतरला. अंडं कोमट होतं. तो ट्रॅक्टर मागे घेऊन गेला. "गरम होतं न, म्हणून गेला," मावशी हसून म्हणाली.

मागच्या मे महिन्यात वरच्या धरणातून पाणी सुटलं. आम्हाला होडीतून बेटावर नेणारा डोंगेवाला सांगत आला तेव्हा बेटाच्या कडा विरघळायला लागल्या होत्या. मावशीनं धरणाच्या कार्यालयात फोन लावला. "साहेब, पिल्लं निघेपर्यंत रोका न जी." खालच्या गावांच्या विहिरी आटल्या आहेत, तिथं प्यायला पाणी नाही, असं उत्तर आलं. तिनं फोन कमरेला खोचला. "त्याइचंही खरंच हाये," म्हणाली आणि धानाची रिकामी पोती घेऊन डोंग्यात चढली.

आम्ही पोत्यांत रेती भरली. एक खळगा अंड्यांसकट अलगद उचलायचा, खाली पोतं सरकवायचं आणि दूर व्हायचं. पक्षीण परत येऊन बसली की आणखी एक पोतं. पण खळगे कितीतरी आणि हात मोजकेच. एकीकडे पोतं लावेपर्यंत दुसरीकडची अंडी तरंगत निघायची. वर सगळे सुरय आक्रोश करत होते. मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, "अवं, थांब वं माय, थांब!" नदीला म्हणत होती की पक्ष्यांना, कोण जाणे.

शेवटी एकच खळगा उरला. पोत्यांच्या ढिगावर ती पक्षीण बसलेली, चहूकडे पाणी. डोंगेवाल्यानं मावशीला अक्षरशः ओढून डोंग्यात घातलं.

सकाळी तिथं नुसतं पाणी होतं. मावशी रडली नाही. काठाला अडकलेली पोती ओढून काढायला लागली. मी म्हटलं, "राहू द्या आता." ती म्हणाली, "गुरुजी, दोरे निघते याचे. कोण्या पाखराच्या पायात गुतन."

त्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायू झाला. मुलानं नागपूरला नेलं. या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचा फोन आला. जीभ जड झाली होती.

"आले का जी?"

"नाही आले, मावशी."

"बेट हाये का?"

उरलेली रेतीही हिवाळ्यात उपसून नेली होती. मी सांगितलं. मग मुलानं फोन घेतला. पंधरवड्यात ती गेल्याचा निरोप आला.

परवा मी काठावर गेलो होतो. सुरयांची एक जोडी आली. बेट होतं त्या जागेवर दोघं घिरट्या घालत राहिले. मादी पुन्हा पुन्हा खाली यायची, पाय सोडायची आणि पाण्याला टेकता टेकता वर उठायची.